दात पडलेले टायर

टायरमधलं मला कळतं! हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकीकत ऐकल्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आमच्या लाक-पेर्द्री गावात कुणाची गाडी घसरली की लोक आधी माझ्याकडे येतात आणि मग डॉक्टरकडे जातात. "जेर्मां, हा टायर अजून एक हिवाळा काढेल का रे?" मी अंगठ्यानं दाबतो, नखानं खरवडतो, वास घेतो. वास घ्यायची काही गरज नसते, पण समोरच्यावर छाप पडते.

तर यंदा मी ठरवलं, पिकअपला थंडीचे रिमोल्ड घालायचे. जुन्या टायरचं अंग धड असेल तर त्यावर नवं रबर चढवतात, साच्यात घालून शेकतात आणि टायर पुन्हा कामाला लागतो. पण आमच्या गावाला त्याचं कौतुक नाही! माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा इव्हों गावातली बर्फ काढायची गाडी चालवतो, त्यामुळे हिवाळाभर तो स्वतःला रस्त्याचा मालक समजतो. तो म्हणाला, "रिमोल्ड? दुसऱ्याची कवळी लावून मक्याचं कणीस खायला निघालास होय रे?"

"तू बघच," मी म्हणालो. "कुठलाही चढ सांग, गाडी चढवून दाखवतो."

कुठलाही चढ म्हणालो खरा, पण मनात एकच चढ होता.

एकदा डिसेंबर लागला आणि गाडीला थंडीचे टायर नसले तर पोलीस धरतात, ते आहेच. पण खरं कारण त्या चढावर राहतं. सोलांज! आम्ही एका शाळेत होतो. ती डब्यातला अर्धा तुकडा मला द्यायची आणि मी तिचं दप्तर धरायचो. पुढं मी विचारीन विचारीन म्हणत राहिलो, तेवढ्यात माँट्रियालचा एक रोलां आला, त्यानं विचारलं आणि तिला घेऊनही गेला. चर्चच्या दारात नवरानवरीवर तांदूळ टाकणाऱ्यांत मी होतो. सगळ्यांत जोरात मीच टाकले. माझं लग्न मग राहिलंच. कुणी विचारलं तर मी लाकडाच्या गिरणीतल्या कामाला दोष देतो.

यंदाच्या वसंतात सोलांज परत आली. रोलां वारला होता, मुलं आपापल्या संसारात होती, आणि डोंगरावरचं वडिलांचं घर रिकामं होतं. उन्हाळाभर मी तिला सरपण नेऊन दिलं. एकट्या बाईला लाकूड लागतं किती! मी इतकं नेलं की घर लहान आणि ढीग मोठा दिसायला लागला. दर खेपेला ती ब्लूबेरीच्या जॅमची बरणी द्यायची. मी एकही उघडली नाही. खिडकीत ओळीनं मांडून ठेवल्या. खाल्ल्या असत्या तर संपल्या नसत्या का?

मग पानं गळाली, डोंगर उघडा पडला, आणि मला खालून तिचा धूर दिसायला लागला. नुसता धूर! माझे टायर पार गोटा झाले होते. बर्फ पडलं की तो चढ बंद, म्हणजे थेट एप्रिलपर्यंत सोलांजचं नुसतं धुराडं बघायचं.

शेजारच्या गावात ल्युसिएँची शेड आहे. रिमोल्ड तोच करतो. त्यानं माझ्यापुढं एक टायर उभा केला आणि म्हणाला, "नक्षी बघ! देवदाराची डहाळी. माझ्या बापाच्या वेळचा साचा आहे. अख्ख्या प्रांतात दुसरा नाही."

"दुसरा नाही? एकमेव म्हण की!"

"एकमेव!"

मी अंगठ्यानं दाबलं, खरवडलं, वास घेतला. "आणि इथं एक ठोकळा गायब आहे तो?"

"साच्याचा तेवढा दात पडलाय. पकडीला काही होत नाही. तुझाही पुढचा दात नाहीये, तू काय उपाशी राहतोस?"

मला हसू आलं. मुद्दा बिनतोड होता. चारही टायर चढवून घेतले आणि शीळ घालत घरी आलो.

पहिलं बर्फ पडलं त्याच संध्याकाळी मी गाडी काढली. काय पकड हो! टायर असे चढले की मी स्टिअरिंगचा मुका घेतला. सोलांजच्या फाटकाशी थांबलो. स्वयंपाकघरात दिवा होता. पडद्यामागं ती इकडून तिकडे जायची, तिकडून इकडे यायची. मी वाक्य पाठ करून आणलं होतं: "सोलांज, इकडूनच चाललो होतो, म्हटलं डोकावून जावं." छान वाक्य होतं! पण फाटकाशी आल्यावर लक्षात आलं की रस्ता तिच्या दारीच संपतो. इकडूनच चाललो होतो म्हणजे कुठं? पलीकडं नुसतं जंगल! मी इंजिन चालू ठेवून बसलो, दुसरं वाक्य शोधलं, सापडलं नाही, वळलो. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही.

आता आमच्या गावची एक खोड सांगायला हवी. या दिवसांत मूसची, म्हणजे आमच्याकडच्या थोराड सांबराची, शिकार नुकतीच संपलेली असते. आमचे पुरुष हंगामभर जंगलात खाली मान घालून माग काढत हिंडतात, आणि हंगाम संपला तरी ती मान काही लवकर वर येत नाही. रोझेरच्या दुकानात पाव मिळतो, पेट्रोल मिळतं, काडतुसं मिळतात, आणि सकाळी कॉफीबरोबर कोण कुठं गेलं तेही मिळतं. मी आत शिरलो तेव्हा इव्हों बोलत होता.

"रोज एकच गाडी वर जातेय. देवदाराच्या डहाळीची नक्षी. आणि चाकाच्या दर वळशाला एक दात पडलेला."

सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मी तोंड मिटलं.

"फाटकाशी थांबते," इव्हों चढ्या आवाजात म्हणाला. "बराच वेळ थांबते. खालचं बर्फ वितळलंय, धुराचा काळा डाग पडलाय. मग वळते."

"आत कुणी जात नाही?" रोझेरनं विचारलं.

"पावलाचा एक ठसा नाही!"

"शी!" रोझेरची बायको यूगेत म्हणाली. बिचारीचा खरोखरच विरस झाला होता.

माझं काय व्हायचं ते होवो, पण सोलांजचं नाव कॉफीबरोबर चघळलं जायला नको! म्हणून मी जे पहिलं तोंडात आलं ते बोललो. "कुत्रा शोधत होतो!"

"तुझ्याकडे कुत्रा कुठाय?"

"आणला होता. पळाला."

"नाव काय?"

समोर फळीवर माशांचे डबे होते. डब्यावर टोपीवाला दाढीवाला माणूस. "कॅप्टन!" मी म्हणालो.

आमचं गाव जिभेनं वाईट, पण मुक्या जनावरासाठी जीव टाकणारं! यूगेतनं तिथल्या तिथं फोन उचलला आणि घराघरांत कळवलं. इव्होंनं मला विचारलं, "पंजा केवढा?" मी घाबरलेला, हातानं दाखवलं ते जरा जास्तच झालं.

"अरे, हा कुत्रा की अस्वल?"

"वाढीच्या अंगाचा आहे," मी म्हणालो.

माणसं निघाली की जंगलात! टोळ्या पाडून, हाडं घेऊन, शिट्ट्या घेऊन! आणि मालक म्हणून मी सगळ्यांत पुढं. "कॅप्टन! ए कॅप्टन! ये राजा!" गोठवणाऱ्या थंडीत मी नसलेल्या कुत्र्याला हाका मारत होतो. आणि खरं सांगू? हाका मारून मारून मला त्या कुत्र्याची आठवण यायला लागली! कुठं असेल, खाल्लं असेल का काही? इव्होंनं पाठीवर हात ठेवला. "सापडेल रे," तो म्हणाला. मला त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. जे आपलं नाहीच त्याची वाट बघत बसणं, आयुष्यात हे एकच काम मला चांगलं जमलंय.

दुसऱ्या दिवशी ल्युसिएँकडे धावलो. "नक्षी बदलून दे!"

"वेडा झालास? डिसेंबर तोंडावर आलाय, सगळा प्रांत जॅकवर उभा आहे! माझ्याकडे एक टायर शिल्लक नाही. का, पकड चांगली नाही?"

"पकड उत्तम आहे. तोंड वाईट आहे!"

त्याला काही कळलं नाही. "सणवार उरकू देत, मग ये," तो म्हणाला.

म्हणजे तोवर सोलांजकडे जायचं नाही. ठीक आहे, नाही जायचं! दोन संध्याकाळी मी घरी बसलो, जॅमच्या बरण्यांकडे बघत. एका बरणीवर तिच्या बोटाचा निळा डाग राहिलाय. तो बघत बसलो. शुक्रवारी दुपारी उठलो, देवदाराची एक मोठी फांदी तोडली आणि पिकअपच्या मागं दोरीनं बांधली. गाडी पुढं जाईल, फांदी मागून खुणा झाडत येईल! स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश झालो की चढ कधी संपला कळलंच नाही.

फाटकाशी उतरलो. खांबाखाली एक वाडगा होता, वर जाड फडकं. उचललं तर वाफ आली. तुर्तियेर! मांस आणि बटाटे भरून भट्टीत रात्रभर भाजलेली, तिच्या आईच्या हातची असायची तशीच. यूगेतचा फोन इथंही आला होता तर! सोलांजनं माझ्या कुत्र्यासाठी जेवण ठेवलं होतं.

मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कॅप्टन काही येणार नव्हता, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? पाच मिनिटांत ते गोठून दगड झालं असतं. अन्नाची नासाडी मला बघवत नाही. एक घास घेतला. तोच वास, तोच लवंगेचा चटका, शाळेच्या पायरीवरचा तोच अर्धा तुकडा! डोळ्यांत पाणीच आलं. बर्फात उभा राहून, हातमोजे काढून, मी तो वाडगा चाटूनपुसून खाल्ला.

दार उघडलं.

"मीठ बरोबर आहे का रे, कॅप्टन?"

माझी पाचावर धारण बसली! वाडगा टाकला, गाडीत उडी मारली, हाताला लागेल तो गिअर घातला, आणि पिकअप मागच्या मागं जाऊन चरात बसली. यात रिमोल्डचा काडीचाही दोष नाही, हे कृपया लक्षात घ्या! टायर सांगितलं त्याच दिशेला गेले. सांगणाराच ठिकाणावर नव्हता.

सोलांज शाल गुंडाळून पायरीवर उभी. "झालं का? आता आत ये. बूट झटक."

आत चुलीपाशी बसलो. तिनं चहा ठेवला आणि खिडकीतून बघत विचारलं, "गाडीच्या मागं ते काय बांधलंस?"

"फांदी आहे. खुणा पुसायला."

ती हसायला लागली. हसता हसता तिनं टेबल धरलं. "अरे ठोंब्या, अख्ख्या गावात झाडून काढलेला रस्ता आता एकच, आणि तो माझ्या दारी येतो!"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आणि रोज फाटकाशी थांबत होतास, ते काय मला दिसत नव्हतं?" ती म्हणाली. "पिकअपचे दिवे आहेत ते, काजवे नाहीत."

"मग बाहेर का नाही आलीस?"

"तू आत का नाही आलास?"

चहा उकळून वर आला, तिनं उतरवला.

"पहिल्या दिवशी वाटलं, आता येईल," ती म्हणाली. "दोन कप काढून ठेवले होते. मग रोज सकाळी उठले की बाबांची शिकारीची दुर्बीण लावून फाटकाशी बघायचे. तो पडलेला दात दिसला की बरं वाटायचं. काल दिसला नाही. परवाही नाही. म्हटलं, चला, कुत्र्याला जेवायला घालून बघू, मालक येतो का."

"म्हणजे तुला ठाऊक होतं की कुत्रा..."

"जेर्मां, लहानपणी कुत्रं दिसलं की तू माझ्या मागं लपायचास!"

आता बोललो नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं. "सोलांज," मी म्हणालो, "तुझ्या लग्नात मी तांदूळ टाकले होते."

"लागले होते! एक दाणा कानात गेला. म्हटलं, एवढ्या जोरात कोण मारतंय?"

"मी."

"माहीत आहे. वळून बघितलं होतं मी."

"मला तुझी फार आठवण येते गं. तेव्हापासून येते. तू आत्ता समोर बसलीयस, तरी येतेय."

तिनं चहा ओतला. साखरेचं भांडं माझ्याकडे सरकवलं, मग परत स्वतःकडे ओढलं. तिचेही डोळे भरले होते.

"मी हे टायर बदलतोय," मी घाईनं म्हणालो. "सण झाले की लगेच. गावात उगाच तुझी चर्चा..."

"खबरदार बदललेस तर! कोण आलं होतं ते मला कळणार कसं?" मग जरा थांबून म्हणाली, "रविवारी ये. आणि वाजवायचं दार, फाटक नाही."

तेवढ्यात फोन वाजला. यूगेत! तिचा आवाज मला इकडे ऐकू येत होता. "सोलांज, कुणीतरी झाडत झाडत वर आलंय म्हणे! खाली आलेलं दिसत नाही!"

"हो का? लक्ष ठेवते," सोलांज म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

दिवस कलला होता. चरातली गाडी निघायची नव्हती. तिनं इव्होंला फोन केला, तो सकाळी येऊन ओढणार होता. मला पायीच उतरायला हवं होतं. दारात माझे बूट बघून तिच्या डोळ्यांत एकदम तीच शाळेतली खट्याळ चमक आली.

"उलटा चालत जा."

"काय?"

"माझ्याकडे तोंड करून मागं मागं जा. ठसे वर येणारे दिसतील. उद्या सगळ्यांनी डोकी खाजवू देत! एक गाडीनं आला, एक पायी आला, आणि गेला कुणीच नाही!"

तिनं सांगितलं असतं तर मी हातांवर चालत गेलो असतो. निघालो उलटा! आणि दोनचार पावलं टाकल्यावर माझ्या लक्षात आलं, अरे, ही दिसतेय! जन्मभर हिच्याकडे पाठ करून घरी गेलो. दप्तर देऊन पाठ फिरवली, तांदूळ टाकून पाठ फिरवली, लाकडं उतरवून पाठ फिरवली. आज पहिल्यांदा जातोय आणि ती समोर आहे! दारात उभी, मागं चुलीचा उजेड, सगळी थंडी आत शिरतेय तरी दार लावत नव्हती. मी थांबलो. तिनं हात केला. मी केला. पुन्हा चाललो, पुन्हा थांबलो. ती लहान लहान होत गेली, पण दिसत होती. वाटलं, हा उतार संपूच नये.

उतार नाही संपला, वळण आलं. उलट्या माणसाला वळण कुठून दिसणार? मी थेट कडेच्या बर्फात!

सकाळी रोझेरच्या दुकानात गेलो तेव्हा ते गच्च भरलं होतं. कोपऱ्यात कॉफी घेऊन उभा राहिलो, चेहरा अगदी कोरा. इव्हों माझी पिकअप ओढून आला होता आणि त्याच्याभोवती सगळे.

"बुटाचे ठसे वर जाणारे आहेत," इव्हों म्हणाला. मी मनात म्हटलं, शाब्बास सोलांज! "पण पावलं आखूड. आणि चवडा आधी टेकलाय, टाच नंतर. उलटा चाललाय! मूसला फसवता येतं, आपल्याला नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी कॉफीत तोंड घातलं.

"एक कळत नाही," इव्हों पुढं म्हणाला. "सारखा थांबलाय. दारापासून जरा पुढं थांबलाय, मोठ्या देवदाराशी थांबलाय, वळणाच्या अलीकडे तर कितीतरी वेळ. उलटं चालून एवढा दम लागतो?"

यूगेत कॉफीचं भांडं घेऊन उभी होती. "दम कसला रे," ती हळूच म्हणाली. "तिच्याकडे बघत होता."

मूसची मुंडकी सोलणारे ते दांडगे गडी आपापल्या कपात बघायला लागले. रोझेरनं नाक शिंकरलं. कुणी माझ्याकडे बघितलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. वाटलं, हेच माझं गाव!

"आणि मग वळणावर बसलाय," इव्हों म्हणाला.

"बसलाय?"

"बसलाय. ठसा काय झकास उमटलाय! ऐसपैस! अजून ताजा आहे, कुणाला बघायचा असेल तर चला."

आणि गेले की सगळे! दुकान तसंच टाकून, चार गाड्या भरून! इव्होंनं त्यात स्वतः बसून माप घेतलं, रोझेरनं बसून बघितलं, यूगेतनं फोटो काढले. हसून हसून लोळले लेकाचे.

मीही गेलो. ठसा बघायला नाही हो, माझा मला माहीत आहे. त्या वळणावरून तिचं दार दिसतं, आणि रविवार अजून लांब होता.